अग्राफेनाचा विलाप

पिनेगा नदीकाठ, ९ ऑक्टोबर

चि. रईसा हिस,

तुझ्या पित्याचे आशीर्वाद पोहोचावेत. बटाटे तळघरात गेले, सरपण रचून झाले, माझी पाठ जशी होती तशीच आहे. गाय विकली.

आईच्या नावाने केलेल्या ‘अग्राफेनाचा विलाप’ या तुझ्या नव्या रचनेची बातमी वर्तमानपत्रात आली. टपालवाल्या बाईंनी ती मला मोठ्याने वाचून दाखवली, जरी मला वाचता येते. चार इयत्ता मी रीतसर पूर्ण केल्या आहेत. बातमीत तुला ‘थोर संगीतकार’ म्हटले आहे. थोर हा शब्द मी जपून वापरला असता. तुझी पहिली सिम्फनी मी रेडिओवर ऐकली होती. नदीचा बर्फ फुटतो, तो भाग खरा होता. मुलांच्या वृंदासाठी केलेली अंगाई तुझ्या आईला आवडली. चार तंतुवाद्यांची रचना मला समजली नाही, म्हणून तिच्याविषयी मत देत नाही.

आता मुख्य विषय. तू कळवले आहेस की अर्खांगेल्स्कच्या कार्यक्रमात वाद्यवृंद मध्येच थांबेल आणि तुझी आई एकटी नवरीचा विलाप म्हणेल. ती आली नाही तर ती जागा कोरी राहील. तू दोनदा फोन केलास. एकदा मी ‘आई झोपली आहे’ असे सांगितले, एकदा ‘न्हाते आहे’ असे. दोन्ही वेळा ते खरे होते.

जे खरे असून मी सांगितले नाही, ते असे: वसंतात तुझ्या आईची उजवी बाजू गेली, आणि वाचाही. वाचा परतणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. तू काम टाकून धावत येशील, म्हणून तुला कळवू नये, असे तिनेच हाताच्या खुणेने बजावले. गाय का विकली, हे आता तुला समजले असेल.

जागा कोरी राहणार नाही. तो विलाप मी गाणार आहे.

तो बायकांचा असतो, हे मला शिकवू नकोस. नवरदेवाने तर तो ऐकायचाही नसतो. मी ऐकला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तुझ्या आजोबांच्या खिडकीखाली उभा राहून, संपूर्ण ऐकला. पुढे नदीकाठच्या प्रत्येक लग्नात नवरीसाठी तीच तो म्हणत आली, आणि मी ऐकत आलो.

अंगणातल्या न्हाणीघरात मी सराव करीत होतो, तेव्हा शेजारची पाराशा दाराशी थबकली.

“अगं बाई, येफीम सावेल्येविच! दाढीवाली नवरी आपल्या गावात पहिलीच. नवरा कोण, अस्वल?”

“हसून झालं असेल तर सूर बरोबर होता का, ते सांग.”

“सूर बरोबर आहे हो. पण तुम्ही रडत कुठे आहात? हुकूम सोडताय! पोरीचं माहेर सुटतंय, घाटावरची नाव नव्हे.”

मला राग आला. तसाच घरात गेलो आणि तुझ्या आईपुढे बसून गायलो. ती डाव्या हाताने चमचा खाटेवर आपटून ताल देत होती. मी चुकलो की अधिक जोरात. ‘आई, मला परक्या दारी धाडू नकोस’ या ओळीशी चमचा थांबला. मी मान वर केली. ती अर्ध्या चेहऱ्याने हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. त्यानंतर माझ्या आवाजातला हुकूम गेला.

नदी गोठण्यापूर्वी आम्ही दोघे निघू. डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हटले. त्यांचे मी शांतपणे ऐकून घेतले. मला भरतकामाचा सदरा घालू नये. माइक देऊ नये. आमचा विलाप पियानोच्या पट्ट्यांत बसत नाही, तेव्हा मला कोणी सूर देऊ नये. लोक हसतील. हसू देत. वाद्यवृंद तू चालवणार आहेस. तू मागे वळून पाहू नकोस.

मी तुझी परवानगी मागत नाही. जिची मागायची होती, तिने ती दिली आहे.

तुझा पिता,
येफीम सावेल्येविच

ता. क. याखाली जी वाकडी रेघ आहे, ती आईने स्वतः ओढली आहे. ती तिची सही समजावी.