चार लाकडी बटणं

सोमवार, ३
स्टुडिओत पहिला दिवस, आणि खरं सांगायचं तर छान गेला. लांबट खोली, मोठ्या खिडक्या, भिंतीला लागून बरण्याच बरण्या. टाकून दिलेल्या कपड्यांची बटणं कापायची, धुवायची, छटेप्रमाणे लावायची. त्यांतून मालक मोठ्या फळ्यावर माणसांचे चेहरे जुळवतात. दहा पावलांवरून फोटोच वाटतो. जवळ गेलं की कुणाच्या सदऱ्याचं बटण, कुणाच्या अभ्र्याचं. डोळे सगळ्यांत शेवटी, तेही मालकच बसवतात. शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्या बाईंनी बजावलं की करड्याच्या सत्तावीस छटा आहेत, आठवड्याभरात नवराही करडा दिसायला लागेल. बऱ्याच दिवसांनी हसले.

माझी धाकटी बहीण इथंच काम करायची, हे सांगितलेलं नाही. सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे कुणी विचारलंही नाही.

गुरुवार, ६
धुण्याची खोली पाहिली. बटणं तिथं द्रावणात भिजतात. वास डोक्यात जातो. खिडकी नाही, वर हाताएवढी जाळी. धाकटी तिथं गुदमरून गेली. आम्हाला कळवलं होतं की तिनं दार आतून लावून घेतलं.

दाराला आतून कडीच नाही.

शनिवार, ८
डबा खाताना बाई आपणहून बोलल्या. वास बाहेर पसरू नये म्हणून मालक बाहेरून कडी घालतात, हात आपोआपच जातो. त्या दिवशी बाई रजेवर होत्या. मालकांकडे पाहुणे आले, ते त्यांच्याबरोबर जेवायला गेले. पोरगी गुणी होती हो, म्हणाल्या, आणि डबा तसाच बंद केला.

त्याच्या आठवडाभर आधी धाकटीचा फोन आला होता. ताई, तिथं कोंडल्यासारखं होतं, सोडू का नोकरी? मी म्हटलं होतं, थोडं सांभाळून घे, सवय होईल.

मंगळवार, ११
तपकिरी बरणीत तिच्या कोटाची चार लाकडी बटणं सापडली. कोट आधी माझा होता; एका बटणाची कड परीक्षेच्या दिवसांत मीच चावलेली. कोट हरवला, असं मालकांनी आईला सांगितलं होतं.

प्रदर्शनासाठी मालकांचा स्वतःचा चेहरा जुळवणं चालू आहे. गाल माझ्याकडे. चारही बटणं तिथंच चिकटवली. आता रोज तिच्यासमोर उभं राहावं लागेल त्यांना.

शुक्रवार, १४
गालाला खळी पडली आहे. मालकांना खळी नाही. धाकटीला होती. मालक माझ्यावर चिडले. मी म्हटलं, मी हात लावलेला नाही. खरंच नव्हता लावला. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण नाहीसं झालं होतं. ते मला फळ्यावर दिसलं, हनुवटीत.

बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

सोमवार, १७
चेहरा पूर्ण तिचा. फक्त डोळे नाहीत. मालकांच्या अंगावर एकही बटण उरलेलं नाही, सदरा मुठीत धरून फिरतात. विचारलं, ती तुमची कोण? सांगितलं. म्हणाले, कडी घातल्याचं आठवतच नाही हो. मी म्हटलं, तिला आठवतंय.

बुधवार, १९
मालक धुण्याच्या खोलीत गुदमरून मेलेले सापडले. कडी बाहेरून. आम्ही सगळ्या एकमेकींसमोर बसलेल्या — पोलिसांनाही तेच सांगितलं. बाई टेबल न आवरताच गेल्या.

फळ्यावर डावा डोळा बसला आहे. काळा. मालकांच्या कोटाचा.

शुक्रवार, २१
वाटलं, संपलं. बटणं आईला द्यावीत म्हणून सकाळी आले. गालावरच्या चारही जागा रिकाम्या. उजवा डोळा — तो काल नव्हता. निळा. माझ्या स्वेटरचं वरचं बटण कधी —

दुपार
बटणं धुण्याच्या खोलीत. तबकात, ओळीनं. दाराला वीट लावून आत गेले —

वीट सरकली. कडी.

जाळीतून उजेड येतो तेवढ्यात लिहिते. वास — हाका मारल्या. बाहेर आहे कुणीतरी. आवाज ओळखीचा. रागावलेला नाही, समजूत काढल्यासारखा. म्हणते, ताई, थोडं सांभाळून घे, सवय —