हवेत फिरणारं चाक

९ नोव्हेंबर
सायकलच्या चाकांना बेअरिंग कुठली, आबा रोज विचारतात. ठरत नाही. नेहमीची स्टीलची तशी बरी आहेत. सिरॅमिकची म्हणे हलकी फिरतात. सायकल शर्यतीची मुरबाडची निवड चाचणी महिनाअखेरीला. वयात बसते अशी ही शेवटची. गेल्या वेळी चढावर मागे पडले ते पायांमुळे. आई, आबा, काका, घरात तसं कुणी म्हणत नाही.

१२ नोव्हें.
आबांबरोबर कल्याणच्या दुकानात. दुकानदार सरळ बोलला, "ताई, रस्त्यावर फरक नाय कळणार. स्टीलचीच टाका, ग्रीस चांगलं भरा." मला पटलं. आबा सिरॅमिकची डबी हातातून खाली ठेवेनात. म्हणाले, तूच ठरव. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि सिरॅमिक म्हणाले.

१३ नोव्हें.
आबांनीच बसवली. हे काम मलाही त्यांनीच शिकवलं. अक्षरंही, शाळेच्या आधी, याच ओटीवर. सायकल उलटी करून चाक फिरवलं. काका चहा घेऊन समोर बसले. "चाय संपली तरी फिरतंय गो. याला पाती लावा, पंखा होईल." आबा हसले. किती दिवसांनी.
हवेत फिरतंय ते. त्यावर माझं वजन नाही. 

२१ नोव्हें.
किन्हवलीपर्यंत सराव. चढाला तेच, तिथेच दम तुटतो. आबा दारातच उभे. "हलकं वाटतं ना?" मी हो म्हणाले. तपासल्याशिवाय बोलू नये असं शिकवणाऱ्या माणसाशी, तपासून खोटं बोलले.

३० नोव्हें.
झालं. पहिल्याच चढावर सगळ्या पुढे गेल्या. यादीत नाव नाही. येताना टेम्पोत आबांचा हात सायकलीवर.

१ डिसेंबर
अंगणात आबा काकांना सांगत होते, "पोरीचं काय नाय चुकलं. बेअरिंगच खराब. फसवलं आमाला त्या दुकानवाल्याने." दुपारी मी दोन्ही चाकं काढून पाहिली. पुन्हा पाहिली. बेअरिंग स्वच्छ. कुठे खरखर नाही.

२ डिसें.
आबा उद्या कल्याणला निघालेत, दुकानदाराला जाब विचारायला. शेवटी म्हटलं, आबा, बेअरिंगला काही झालेलं नाही.
"मग कशानं झालं?"
मी माझ्या पायांकडे बघितलं.  आबा चाकं गोणपाटात बांधायला लागले. "तू पण चल. बेअरिंग खराब निघालं ते तुझ्या तोंडानं सांग त्याला."
त्यांनी आईला माझाही डबा भरायला सांगितलाय.