तळ्याला उजवीकडून वळसा

चिरंजीव धाकटीस,

तळ्याच्या या काठावरून थोरलीचे आशीर्वाद, वारा जितके पलीकडे नेईल तितके. तुझे गुडघे, तुझी पाठ, मागच्या दाराची ती निखळलेली कडी, सगळं कसं आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. एरवी मला सगळं ठाऊक असतं. तुझी कपड्यांची दोरी इथून दिसते. गेल्या महिन्यात तीन दिवस ती रिकामी होती, तेव्हाच मी म्हटलं, हिची पाठ धरली. चौथ्या दिवशी एकटा टॉवेल आला, तोही वाकडा, तेव्हा कुठे मला दोन घास गेले. माझी तब्येत म्हणशील तर कोपर सोडून उत्तम. कोपराचं पुढे येईलच.

पत्रास कारण संताप. आपल्या दोघींचंही अक्षरांशी कधी जमलं नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते. हे लिहितोय एक घड्याळजी. तो माझ्या स्वयंपाकघरात का बसलाय तेही कळेल. वाचून दाखवतील त्या हिरव्या टोप्यांच्या दोन नर्सबाई, त्या सायकलवरून तुझ्याच बाजूला निघाल्यात. (बायांनो, मोठ्याने वाचा. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि ती ते कबूल करत नाही.)

गेल्या वर्षी कुणा हापिसातल्या शहाण्याला वाटलं की आपल्या भागातली नऊ तळी लोकांनी सायकलवरून फिरून बघावीत. बघा की. तळी कुठे नाही म्हणतात? पण ही वाट नेमकी माझ्या अंगणाला खेटून काढायची काय गरज होती? माझ्या भिंतीवर हा एवढा पिवळा बाण मारून गेले. विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नसणार. तेव्हापासून रोज सकाळपासून रांग. घट्ट चड्ड्या, त्यांना बसायच्या जागी उशी शिवलेली, डोक्यावर टोपलं उपडं घातल्यासारखं काहीतरी. पाणी मागतात. पाणी द्यायला माझी ना नाही. पण पाणी पितात आणि म्हणतात काय? "पलीकडच्या काठावरच्या आजी किती गोड आहेत." एकाने नाही, सतरा जणांनी. मी तुला सत्तर वर्षं ओळखते. तू गोड कधीपासून झालीस?

बरं, त्यांच्याकडे एक पुस्तिका असते, तिच्यात घरांची चित्रं. तुझ्या घरापुढे बाक, झाड आणि वाफेचा कप. माझ्या घरापुढे काय, तर कुत्रं. दात दाखवणारं. आपला कुत्रा जाऊन तीन वर्षं झाली, बिचाऱ्याला शेवटी तर दातही नव्हते. (घड्याळजी म्हणतो, चित्र कदाचित कुत्र्याचं नसेलही. मी विचारलं, मग कुणाचं? तेव्हापासून नुसता टाक पुसतोय.)

हे सगळं मी सहन केलं. पण मागच्या सोमवारी एक चष्मेवाला माझ्या पायरीवर बसून बुटातला खडा काढता काढता म्हणाला, "पलीकडच्या आजी महिनाअखेर मुलाकडे शहरात जाणार. घराला कुलूप लावणार. बाकावर बसायला मिळणार नाही आता." म्हणजे याला बाकाची काळजी. माझ्या सख्ख्या बहिणीने घर सोडायचं ठरवलं आणि ते मला सांगायचं कुणी, तर एका अनोळखी माणसाने, एका पायात बूट नसताना. तुला तोंड नव्हतं? कुणाच्या हाती निरोप धाडता आला नसता? रोज वीस माणसं तुझ्याकडून माझ्याकडे येतात, एकाच्या खिशात चार शब्द मावले नसते?

आता तू म्हणशील, थोरली तरी कुठे आली. मी का यावं? तळ्यातली नाव बंद झाल्याला दोन वर्षं झाली, आणि शेवटच्या नावेने कोण आलं होतं? मी. म्हणजे यायची पाळी तुझी. त्यावर तुझं म्हणणं, "ताई, तू छत्री न्यायला आली होतीस. विसरलेली वस्तू न्यायला येणं ही भेट धरायची नाही." कायदा काढलास माझ्यापुढे. दोन तास बसले होते मी, दोन वेळा चहा झाला, तरी भेट धरायची नाही. तेव्हापासून ती छत्री खुंटीला आहे आणि मीही माझ्या जागी आहे. एक पाऊलही हलवलेलं नाही.

आता कोपराचं. मंगळवारी हा घड्याळजी आला, दोघांच्या सायकलवर एकटा. पुढे हा, मागची सीट रिकामी. विचारलं, मागचं माणूस कुठे सांडलं? तर म्हणाला, बायको तिसऱ्या तळ्याला उतरून बसने घरी गेली. का, तर हिला तळ्याकाठी निवांत बसायचं होतं आणि याने तळ्यांचं वेळापत्रक केलेलं; त्या तळ्याच्या वाट्याला अकरा मिनिटं. बारावं मिनिट लागलं आणि हा म्हणाला, "चल." ती चालली, पण बसथांब्याकडे. (लिही, लिही. काय चुकीचं सांगितलं?)

रिकामी सीट बघून माझ्या मनात आलं की बाजारगावातल्या त्या हापिसात जाऊन स्वतः तक्रार द्यावी: बाण पुसा, कुत्रं काढा. दुसरा काही हेतू नव्हता. बसले मागे. त्या मागच्या सीटची गंमत अशी की पुढच्याने पाय मारले की मागच्याचे पाय आपोआप फिरतात, तुमची मर्जी असो नसो. दोन मैल माझे पाय माझ्याआधी चालले. बोलायला गेले तर वारा शब्द मागे नेत होता, म्हणून ठरवलं की वळायचं असेल त्या बाजूच्या खांद्यावर मी चापट मारायची. पुढे एका मोरीशी उतार लागला आणि रस्त्यावर बदकं, निदान तीस. मी दोन्ही खांद्यांवर मारलं. याचा अर्थ थांब, हे शेंबड्या पोरालाही कळेल. हा काय करत होता? मनगटावरचं घड्याळ बघत होता. "आजी, आपण नऊ मिनिटं मागे आहोत," एवढं म्हणाला आणि आम्ही वेताच्या बेटातून सरळ तळ्यात. कमरेइतक्या पाण्यात. बदकांना काही झालं नाही, ती काठावर उभी राहून बघत होती. पुढचं चाक पापडासारखं वळलं, माझं कोपर सोललं आणि डाव्या पायातली चप्पल सुटून तरंगत निघाली. वारा तुझ्या काठाकडे वाहत होता. लागली काठाला तर ठेवून दे.

मागून या नर्सबाई आल्या, त्यांनी मला वर काढलं, कोपर बांधलं, दोघांना घरी आणलं. नवं चाक शनिवारी येईल. तोपर्यंत घड्याळजी इथेच, आणि माझं भिंतीवरचं घड्याळ, जे पाच वर्षं निवांत बंद होतं, ते आता दर तासाला ठोके देतं. त्याचाही संताप आहे.

तर माझं म्हणणं एवढंच: जायचं तर जा. मुलाकडे जाणाऱ्या बाईला मी कोण अडवणार? सुखाने राहा, तिथे दोरी गॅलरीत बांध, कपडे वाकडे घालू नकोस.

तुझी
थोरली (अंगठा घड्याळजीने शाईत बुडवून घेतला, दोनदा, पहिला पुसट आला म्हणून)

ता. क. लेखनिकाकडून, परवानगीशिवाय. आजी टॉवेल वाळत घालायला गेल्या आहेत तेवढ्यात लिहितो. हापिसाचा रस्ता फाट्यावरून डावीकडे जातो. त्यांनी माझ्या उजव्या खांद्यावर तीनदा मारलं. मी ओरडून म्हणालो, "आजी, हापिस डावीकडे." त्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "हापिस काही पळून जात नाही. उजवीकडे घे." उजवीकडचा रस्ता तळ्याच्या काठाने फक्त तुमच्याकडे येतो. त्यांच्या पिशवीत दोन दिवसांचे कपडे होते. पाण्यातून बाहेर काढल्यावर कोपराबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. विचारलं ते एवढंच, "किती राहिलं?" मी म्हणालो, सात मैल. तर म्हणाल्या, "मग तू चाक सरळ कर, मी बसून घेते."

ता. क. दुसरा, माझा. पत्र परत वाचून घेतलं. शेवटी शेवटी घड्याळजीची जीभ अडखळली आणि बऱ्याच ओळी गिळल्या. मला अक्षर येत नाही, पण ओळींवरून बोट फिरवता येतं. सगळं वाचायला लावलं. खोडून टाक म्हणणार होते, पण कागद चांगला आहे, राहू दे. तोही आता बायकोला पत्र लिहायला बसलाय. पहिल्याच ओळीत किती वाजले ते लिहिलं होतं, ते मात्र खोडायला लावलं.

ता. क. तिसरा. रविवारी चाक बसलं की निघते. घरी असलीस तर ती लाल चादर दोरीवर टाक, मला दिसेल. आणि गैरसमज नको. मी चप्पल न्यायला येते आहे. विसरलेली वस्तू न्यायला येणं ही भेट धरायची नाही, हा तुझाच कायदा. म्हणजे यायची पाळी अजून तुझीच, आणि शहरात जाऊन राहिलीस तरी तुझीच.