व्याह्यांनी दिलेला संगणक

खालापूर
शनिवार, दुपार

श्री. यशवंतराव कर्णिक, बडोदे, यांस

विष्णू टिपणीस याचा मनापासून नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, तिकडे आपणही तसेच असाल असं धरून चालतो. विहीणबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? सौ. विमलने त्यांच्यासाठी कुळथाचं पीठ बाजूला काढून ठेवलं आहे, बडोद्याला जाणारं कोणी भेटलं की पाठवते. अबोलीची तब्येत उत्तम, भूक उत्तम आणि आवाज तर फारच उत्तम (कोर्टात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, घरात त्याच्याही पुढे).

पत्रास कारण, तिला सनद मिळाली तेव्हा आपण कौतुकाने दिलेला संगणक. गैरसमज नसावा. वस्तू देखणी आहे, पाठीवर सफरचंद आहे, आणि पक्षकार माझ्याऐवजी त्याच्याकडेच बघून आपली कहाणी सांगतात. माझी तक्रार एवढीच, की तो आमच्या ऑफिसातल्या संगणकाशी एक शब्द बोलत नाही. आमचा जुना आहे, मान्य. तो चालू करून किशोर (माझा कारकून, लग्नात जिलब्यांचं ताट घेऊन घसरला, तोच) चहा पिऊन येतो, तोवर त्याला जाग येते. पण सगळे दावे त्याच्या पोटात, आणि प्रिंटरही फक्त त्याचंच ऐकतो. म्हणजे सूनबाईंनी लिहायचं आपल्या संगणकावर आणि कागद निघायचा आमच्यातून.

यासाठी खोपोलीहून गजा नावाच्या नेटवर्कवाल्याला बोलावलं. त्याने भिंतभर वायर फिरवली, दिवे लुकलुकणारी एक डबी बसवली आणि सामायिक फोल्डर काढून दिला. यातली फाइल त्यात दिसणार, म्हणाला. दिसली नाही. अबोलीच्या संगणकाला आमच्याचं नाव दिसे, पण आत शिरायला तो पासवर्ड मागे, आणि आमच्याला पासवर्डच नव्हता! (दार सताड उघडं, तरी पाहुणा किल्लीशिवाय आत येईना.) मग गजाने पासवर्ड घातला, तर किशोरच बाहेर राहिला. शेवटी गजा म्हणाला, "काका, तुमचा बोलतो ना, ती भाषा आता बंद झाली. नवीन मशीन असल्यांशी बोलतच नाहीत." हे सांगताना त्याने माझ्याकडे बघायचं काही कारण नव्हतं.

इथवर मी हसून सोडलं असतं, पण परवा पारूचा अर्ज आला. पारू आमची पक्षकार, साजगावच्या वरच्या अंगाला डोंगराखाली वाडी आहे तिथली. वाडीतून खाली यायच्या पायवाटेवर एका फार्महाउसवाल्याने फाटक बसवून कुलूप ठोकलं. मुलं ओढ्यातून शाळेत जायला लागली, आजारी माणसाला झोळीत घालून कुंपणाला वळसा. अबोलीने मनाई हुकमाचा अर्ज तयार केला, आणि खरं सांगतो, फार चांगला केला. नेमकं त्याच सकाळी रस्ता खोदणाऱ्यांनी इंटरनेटची केबल तोडली आणि समोरचा झेरॉक्सवाला मेहुणीच्या लग्नाला गेला. अर्ज तिच्या संगणकात, प्रिंटर आमच्याकडे, मधे एक टेबल.

अबोली म्हणाली, पेन ड्राइव्ह. आपल्या संगणकाला पेन ड्राइव्हचं भोकच नाही, हे आपल्याला ठाऊक आहे का? त्याला वेगळं शेपूट लावावं लागतं. ते शोधशोध शोधलं, सापडलं जेवणाच्या डब्याच्या पिशवीत. अर्ज पेन ड्राइव्हवर चढला, पेन ड्राइव्ह आमच्यात घातला, तर आमचा म्हणे, हे मला वाचता येत नाही, पुसून कोरं करू का? किशोर स्वभावाने सज्जन, कोणी काही विचारलं की हो म्हणणारा. हो म्हणाला. तो कोरा पेन ड्राइव्ह पुन्हा अबोलीच्याला लावला, तर तो म्हणे, मी हे नुसतं बघेन, यावर लिहिणार नाही! अबोली म्हणाली, हे तुमचं धूड भंगारात द्या. मी म्हणालो, तुझं शोकेसमध्ये ठेव. (आवाज दोघांचेही चढले होते. लपवत नाही.) पारू दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "वकीलसायेब, वाट माजी बंद झालीय का तुमची, तेच मला समजंना."

मी कागद ओढला, पेन उघडलं आणि अबोलीला म्हणालो, "सांग." सुनेने स्क्रीनवरून वाचायचं, सासऱ्याने लिहायचं. किशोरने तर खिडकी लावून घेतली, बार रूममधल्यांनी बघू नये म्हणून. मी सवयीने 'सबब' लिहिलं, की ती लगेच, "पप्पा, सबब काढा." काढलं. पारू म्हणाली, "कुत्र्यांचं पण ल्हिवा. दोन हायत, चावतात." अबोली म्हणाली, लिहा. लिहिलं.

जज्जसाहेब वाचता वाचता कुत्र्यांपाशी थांबले. समोरच्या वकिलांना विचारलं, कुत्री आहेत का? ते गडबडले. "आहेत, पण चावत नाहीत." मागून पारू ओरडली, "पोटरी दाखवू?" मग अबोली उभी राहिली आणि कागदाकडे न बघता बोलली. फाटक उघडं ठेवायचा हुकूम त्याच दुपारी झाला. मी मागच्या बाकावर होतो. माझ्या शेजारी बसलेल्याला मी विनाकारण सांगितलं, की ती माझी सून आहे.

तरी आपण दुकानदाराला गाठून, हा संगणक जुन्याशी बोलता कसा करावा, हे विचारून कळवावं, ही विनंती. विहीणबाईंना नमस्कार, आणि संगणकावरचा राग आपल्यावर आहे असं समजू नये.

आपला
विष्णू टिपणीस

ता. क. संगणकाचं राहू द्या, दुकानदाराकडे जाऊ नका. कोर्टातून परतताना अबोली म्हणाली, "पप्पा, मी कर्जतला एक खोली बघितलीय. वेगळं ऑफिस काढावं म्हणते." मी नुसतं "बघ" म्हणालो. दुसरं काय म्हणायचं ते घरी येऊन सुचलं, तेव्हा ती झोपली होती. ती आपलं ऐकते. तिला म्हणावं, जाऊ नको. मी सांगितलं असं मात्र सांगू नका. आमचा संगणक मी हवं तर आजच्या आज काढून टाकतो.

आणखी एक ता. क. एवढं टाइप करून मी जेवायला गेलो. येऊन पाहतो तो पत्रातली माझी 'विनंति' कोणीतरी 'विनंती' करून ठेवलेली. केबल जोडायला आलेल्या गजाने जाताजाता काय केलं कोण जाणे, सामायिक फोल्डर चालू झालाय, आणि हे पत्र मी त्यातच लिहीत होतो. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. छापून किशोरकडे टपालाला देतो.

(पेनने)
बाबा, पाकीट मी किशोरकडून मागून घेतलं. हे पेनने लिहितेय, म्हणजे पप्पांना दिसणार नाही. ती खोली नको म्हणून मी कालच कळवलंय. पण त्यांना एवढ्यात सांगू नका. आत्ता त्यांनी स्वतः चहा करून आणून दिला, आणि साखर किती घालू ते विचारलं. — अबोली