अण्णांनी खणलेला खड्डा

अण्णा, तुम्ही खणलेला खड्डा आम्ही मागच्या महिन्यात उकरला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवता जेवता उठते, मागच्या दारात जाऊन उभी राहते, पुन्हा पानावर येऊन बसते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता लेकीला तुमच्याशी भांडायचीही सोय नाही, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

सुरुवात शेजारच्या अक्कांपासून झाली. उन्हाळ्यात एका सकाळी त्या पांढरी बादली घेऊन आपल्या क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात आल्या आणि माझ्या टेबलाशेजारी ठेवून म्हणाल्या, "बघ ग, बोअरचं पाणी स्वल्प पिवळं दिसतंय. प्यायला कावेरीचा नळ आहे, पण अंघोळ, भांडी सगळं ह्याच्यावरच." आवाजात आरोप नव्हता. चामराजपेटेत इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर माणूस शेजाऱ्याला जसं सहज काही दाखवतो, तसं दाखवत होत्या. मला मात्र तो रंग लगेच ओळखू आला. क्रोमच्या हौदातून काढलेला नळ किंवा हँडल साध्या पाण्यात बुचकळलं की ते पाणी असंच होतं. तरी मी "तपासून घेऊ या, अक्का" एवढंच म्हणाले. तपासणीत क्रोमच निघालं. आणि आपल्या गल्लीत प्लेटिंग करणारं दुसरं कोणी नाही.

तो खड्डा खणला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. त्याआधी माल बुचकळून धुतलेलं धुणीचं पाणी सरळ उघड्या गटारात जायचं. एकदा कोणाची तरी गाय त्या गटाराला तोंड लावताना तुम्ही पाहिली, धावत जाऊन तिला हाकललंत आणि त्या दिवशी धड जेवला नाहीत. पुढच्याच रविवारी खणणारी माणसं आली. तळाशी दगड, त्यावर वाळू, वर सिमेंटचं झाकण. आईनं झाकणावर हळदकुंकू वाहिलं. तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे आहात, घामाघूम, खूश. मी विचारते, "अण्णा, पाणी इथून पुढे कुठं जातं?" तुम्ही म्हणता, "कुठं जाणार? जमीन पिते." मी म्हणते, "मग जमीन त्याचं काय करते?" आणि तुम्ही एकदम चिडता. "प्रत्येक गोष्टीला फाटे फोडू नकोस. आता गल्लीत एक थेंब दिसणार नाही, कळलं?" खरंच दिसला नाही. तुम्ही खोटं बोलत नव्हता, हेच मला टोचतं. तुम्ही लबाडी केली असती तर मी मनसोक्त रागावले असते. तुम्ही तर एका गाईसाठी पदरमोड करून तो खड्डा खणलात, आणि त्याच खड्ड्यातल्या पाण्यानं अक्कांच्या बोअरची वाट धरली.

त्या तपासणीनंतर मी आधी धुणीच्या मागे लागले. तुमच्या हाताखाली तयार झालेले मेस्त्री अजून आपल्याकडेच आहेत. त्यांचा हात तुमचाच: हौदातून माल उचलायचा आणि न थांबता धुणीत घालायचा. मी हौदावर एक आडवी दांडी बसवली आणि म्हटलं, निथळणं थांबेपर्यंत माल इथं टांगा. मेस्त्री म्हणाले, "अण्णांनी असं थांबायला शिकवलं नाही." मी म्हटलं, "मी शिकवते." कुरकुरत का होईना, दिवसभर ते दांडीवर माल टांगत राहिले. मग धुणीच्या एका टाकीऐवजी ओळीनं टाक्या मांडल्या. पहिल्या टाकीतलं गडद पाणी आम्ही पुन्हा हौदातच घालू लागलो, कारण गरम हौदाची पातळी वाफेनं रोज उतरतेच. म्हणजे अण्णा, तुम्ही रोज संध्याकाळी खड्ड्यात ओतत होता ते आपणच विकत आणलेलं क्रोम होतं. शेवटी तो जुना हौदच बंद केला आणि कमी विषारी असं नव्या जातीचं क्रोम आणलं. धुणीच्या पाण्यातून थोडा गाळ अजून उरतो. तो वाळवून पिंपात बंद करतो आणि विषारी कचरा नेणारी परवान्याची गाडी येऊन घेऊन जाते. सुधारणा सुरू केली तेव्हा पिंपांमागून पिंपं भरत होती. आता एकच पिंप कोपऱ्यात बरेच दिवस अर्धं पडून असतं.

एवढं झाल्यावर खड्डा उकरला. मला वाटलं होतं, वाळूच्या खाली कुठेतरी साधी माती लागेल. माती पिवळी लागली, मध्येच हिरवट, मग पुन्हा पिवळी. खणणारे अक्कांच्या भिंतीपाशी येऊन थांबले. रंग मात्र भिंतीखालून पुढे गेलेला होता.

मी तशीच त्यांच्याकडे गेले. त्या फुलं ओवत बसल्या होत्या. "अक्का, ते पाणी आमच्याच खड्ड्यातून आलंय," मी म्हटलं. त्यांनी सुई थांबवली. "अण्णाला माहीत होतं?" "नाही." "सरी, बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा ओवू लागल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या ह्यांची किडनी गेली, ती ह्याच्यानं का ग?" डॉक्टरांनी तेव्हा साखरेमुळे म्हणून सांगितलं होतं, हे मलाही आठवत होतं आणि त्यांनाही. "माहीत नाही, अक्का," मी म्हटलं. त्यांनी मला जा म्हटलं नाही. कॉफीही विचारली नाही. त्या घरातून मी आजवर कधी कॉफी न घेता परतले नव्हते. आता त्यांचा बोअर बंद आहे, आणि आपल्या कावेरीच्या टाकीवरून मी त्यांना नळ जोडून दिला आहे. त्या पाणी घेतात. भिंतीवरून हाक मारत नाहीत.

हौदाच्या वाफेनं तुमच्या नाकाच्या पडद्याला आरपार भोक पडलं होतं. क्रोमवाल्याची खूण, असं तुम्ही हसून सांगायचात. विष काय करतं ते तुमच्या अंगावरच लिहिलेलं होतं. ते तुम्ही वाचलं नाहीत, की वाचून गप्प बसलात, हे मला आता कोण सांगणार? हे विचारायला मी बसले होते, पण उत्तर द्यायला तुम्ही नाही आणि मला इथं बसवत नाही. कागद इथेच ठेवते.

एवढं मात्र तुमच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. तुमच्या क्रोमवर जी निळसर झाक यायची, ती नव्या क्रोमला येत नाही. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मी म्हणते, काही फरक नाही. फरक आहे, अण्णा.