पुलियापाशी लागणारा लाइट

सोम., ४ नोव्हें.
काल मास्तरांची तेरवी झाली. आज माझ्या व्हॅनमधी लीलाकाकू एकट्याच. लालबर्ऱ्याहून बालाघाटले डायलिसिसले हे दोघं पेशंट सोबतच जात, मागच्या सीटवर, गप्पा मारत. मास्तर वाटेतल्या नाल्यावरच्या लहान पुलापाशी, पुलियापाशी चढत. आज तिथं थांबायचं काही कारण नव्हतं. पोचलो अन् दार उघडं असल्याचा लाल लाइट लागला. छतातलाही. इंजिन बंद. दार तं पक्कं लागलेलं.
मागं पाह्यलं. काकू खिडकीकडं सरकून राह्यल्या होत्या.
"मास्तर आले न बाबू. चाल आता."
चाबी फिरवली. चालू झाली.

बुध., ६
पुन्हा तेच, तीच जागा. यावेळी चालूच होईना. फोनले स्कॅनर जोडून पाह्यला. गाडीच्या कंप्युटरात एकही फॉल्ट नाही. हॉस्पिटलमधून फोनवर फोन. काकूचे पाय सुजलेले, दम लागून राह्यला. घाबरलो मी. धक्का मारायले शेतातले माणसं आले, तवा कुठं चालू झाली.
काकू मात्र शांत. बाजूच्या रिकाम्या सीटकडं पाहून बोलत होत्या. मधातच थांबत, समोरच्याचं ऐकतो ना आपण, तशा.

गुरु., ७
इस्माईलभाईच्या दुकानात दाराखालचा पत्रा खोलला. वायरीची साल घासलेली.
"यहाँ दोनों वायर साथ जाते हैं. दरवाजे की लाइट का, और पेट्रोल खींचने वाली मोटर का. गड्ढे में झटका लगा, एक पत्रे को छू गया, दूसरा छूट गया. इसमें कंप्यूटर को क्या दिखेगा?"
पुलियापाशी गड्डा हायच. नवीन वायर टाकली. त्याच गड्ड्यातून गाडी फिरवून फिरवून नेली. काही नाही. हलकं वाटलं.
घरी मंगलाले सांगितलं. बायकोच ती. म्हणे, "गड्डा तं कधीचा हाय. लाइट आताच काहून लागला?"
जेवत राह्यलो.

शुक्र., ८
लाइट नाही. इंजिन मस्त. पुलियापाशी काकू सरकल्या. पुलिया मागं गेली.
"थांबला काहून नाही तू?"
वायरचं समजावलं. सगळं ऐकलं त्याइनं. मग पदर तोंडाले.
"एकटीले नाही जमत रे बाबू, सुई घेणं."

सोम., ११
काकू रस्त्यावर आल्या नाही. घरी गेलो. सून रडकुंडीले आलेली. "येतच नाही म्हणते जी. तुम्हीच सांगा." काकू खाटेवर, चेहरा सुजून गेलेला. डायलिसिस चुकलं का काय होते, हे या घरात सगळ्याइले मालूम हाय.
"काकू, आज थांबून घेऊ न पुलियापाशी."
कसं बोललो, मलेच मालूम नाही. उठल्या.
पुलियापाशी चाबी काढली. उतरून दार सरकवलं. वारा नव्हता. धानाच्या बांध्या नुसत्या, माणूस नाही. काकू सरकल्या. "या मास्तर." मी बाजूले झालो, कोणाले चढू देतो तसा. लाज वाटली. अन् अंगावर काटाही.
समोर येऊन बसलो. दार लावायचंच राह्यलं म्हणून पुन्हा उतरणार, तं मागं दार सरकलं अन् लागलं. हळूच. मी जोरात लावतो.
उतार हाय तिथं. सरकलं असंल.
आरशात पाह्यलं नाही. काकू हसून राह्यल्या होत्या, आवाज आला.
डाय. झालं. परवा पुन्हा जायचं हाय.