मोठ्या आवाजाच्या सोडायंत्राची निवड रद्द होणेबाबत

प्रति,
मेहेरबान सोडावॉटर अधिकारी साहेब,
सोडा कारखाना, मु. कापूरहोळ

विषय : बाटल्या भरण्यास जाळीचे यंत्र घेणेबाबत.
संदर्भ : यंत्रनिवड कमिटीची कारखान्याच्या दारावर डकवलेली नोटीस, ता. ४ फेब्रुवारी १९३७.

महोदय,

सोड्याच्या रिकाम्या बाटलीत काचेची गोळी खणकली आणि निजलेली लेक उठली, त्यामुळे या अर्जाचे पहिले वाक्य काल दुपारी राहून गेले. आज सासूबाई शेरडे घेऊन डोंगराला गेल्या आहेत, लेक निजली आहे. तेवढ्यात लिहिते. चूकभूल पोटात घालावी.

१. माझे यजमान आपल्या कारखान्यात सोडायंत्राची मूठ फिरवतात. मार्गशीर्षात बाटली फुटून त्यांचा डावा डोळा गेला. आता लेकीकडे पाहायचे तर चिमणीसारखी मान वाकडी करावी लागते. लेकीला तो खेळ वाटतो, तीही मान वाकडी करते. उरलेला डोळा एवढ्या कामाचा आहे, याची नोंद व्हावी.

२. नव्या खरेदीसाठी कमिटीने अंगणात दोन यंत्रे मांडली. पहिल्याला वायूचा दाब दाखवणारा काटा आणि बाटलीभोवती लोखंडी जाळी. दुसऱ्याला दोन्ही नाही. मूठ फिरवणाऱ्याने फेरे मोजायचे आणि दाब ओळखायचा. कमिटीने काटा पाहिला नाही, जाळी पाहिली नाही. गोळ्या दाबून दोन बाटल्या उघडल्या आणि कान लावले. पहिली फुस्स करून निवली. दुसरीला विकणाऱ्याने पाच फेरे जास्त दिले होते. ती अशी वाजली की चिंचेवरचे कावळे उडाले. सभासद आनंदराव मांडी थोपटून म्हणाले, "ह्यो खरा सोडा! पहिला म्हंजी म्हाताऱ्याचा ढेकर." झाली निवड. आमच्याकडे सोड्याची पारख आवाजावर करतात हे खरे, पण ती पिणाऱ्याने. नुसते डुरकणे ऐकून बैल कोणी घेत नाही, दात तरी बघतो.

३. यजमानांनी हात जोडून सांगितले, "सायेब, चाळिसाव्या फेऱ्याला थांबायचं असतंया. मधी कुनी हाक मारली तर मोजणी चुकती." आपण म्हणालात, "मग हाकेला ओ देऊ नकोस." साहेब, हाका आपणच मारता. ओ दिली नाही तर गैरहजेरीही आपणच मांडता.

४. जाळीने यंत्राची शोभा जाते, पाहुण्यांना बाटली भरताना दिसत नाही, असे नोटिशीत आहे. घरधन्याच्या तोंडाची शोभा कोणत्या कलमात धरली, ते कळावे.

५. आवाजच हवा असेल तर आमच्या वाडीचे चिमाजी हलगी घेऊन कारखान्यात बसायला राजी आहेत. दर बाटलीमागे एक टोला. मोबदला नको, सोडा पाजावा. फुसका चालेल.

६. तेही नापसंत असल्यास पहिल्या दिवशी सर्व कमिटीने बिनजाळीच्या यंत्रापासून हातभर अंतरावर, उघड्या डोळ्यांनी उभे राहावे. मूठ माझे यजमान फिरवतील. हाका आनंदरावांनी माराव्यात.

तरी सोमवारी यंत्राची गाडी निघण्यापूर्वी निवड फिरवावी आणि काट्याचे, जाळीचे यंत्र मागवावे, ही विनंती.

आपली नम्र अर्जदार,
सौ. भामाबाई कोम गेनू पारठे
मु. शिवरे, ता. १० फेब्रुवारी १९३७

सोबत : यजमानांच्या पापणीतून काढलेली काच, चिंधीत बांधून. पाहून परत करावी.

ता. क. : चिंधीला गाठ मारताना लेक उठली. काच कसली म्हणाली, ते खरे सांगितले. त्यावर तिने जे विचारले ते कमिटीकडे पाठवते : "बाचा ह्यो बी डोळा गेल्यावर, म्या मोटी झाल्याली त्याला कसं कळंल?"